यंत्रावरील अधिकाराच्या पायऱ्या

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी अमडापूरला पुन्हा येतात ते बहुधा लग्नाची पत्रिका द्यायला, नाहीतर एखादा अर्ज लिहून घ्यायला. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रविवारी असाच एक माजी विद्यार्थी खामगावकडून येणाऱ्या एसटीतून उतरून थेट आमच्या खोलीवर आला. दहावीनंतर त्याने आयटीआय केले होते आणि एका दूध प्रक्रिया प्रकल्पात तो कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागला होता. त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस होती. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. "सर, मी केलं नाही. पण केलं नाही हे लिहायचं कसं?" एवढेच तो म्हणाला.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. दूध तापवण्याचे यंत्र तोवर आम्ही पाहिलेही नव्हते. त्या खुलाशाच्या निमित्ताने त्याच्याकडून, त्याच्या आयटीआयच्या निदेशकांकडून आणि पुढे वाचनातून जे समजले, ते या स्मरणिकेतून आपल्यापुढे ठेवत आहोत. आपल्या शाळेची कितीतरी मुले आज वाळूज, चाकण, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत यंत्रांसमोर उभी आहेत. पालकांना मुलगा 'कंपनीत आहे' एवढेच ठाऊक असते. ज्या पडद्यासमोर तो आठ-आठ, बारा-बारा तास उभा राहतो, त्या पडद्यावर त्याला काय करण्याचा अधिकार आहे आणि काही बिघडले तर कशाच्या आधारे त्याला जबाबदार धरले जाईल, हे घरात कोणी विचारत नाही. शाळेतही आम्ही ते कधी शिकवले नव्हते.

घडले होते ते असे. पाश्चरीकरणात दूध किमान ७२ अंश सेल्सिअस तापमानाला १५ सेकंद राखले जाते. तापलेले दूध एका लांब नळीतून जाते आणि नळीच्या शेवटी तापमापक बसवलेला असतो. तेथे तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेले की एक झडप आपोआप वळते आणि दूध पॅकिंगकडे न जाता मागच्या टाकीत परत येते. त्या रात्री बॉयलरची वाफ कमी पडत होती. झडप पुन्हा पुन्हा वळत होती, दूध मागे फिरत होते, पहाटेच्या गाड्यांचा माल तयार होत नव्हता. कोणीतरी पॅनेलवर जाऊन मर्यादेचा आकडा ७२ वरून ६८ केला. झडप वळायची थांबली. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे एक विकर असते. पाश्चरीकरण नीट झाले की ते नष्ट होते. सकाळी प्रयोगशाळेने चाचणी घेतली तेव्हा ते शिल्लक आढळले आणि सारा साठा शीतगृहातच रोखला गेला. एकही पिशवी बाजारात गेली नाही, हे त्या प्रयोगशाळेचे श्रेय.

यंत्राच्या नोंदीत बदलाची वेळ होती, रात्रीचे २ वाजून ४० मिनिटे. बदल करणाऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता : 'सुपरवायझर'. सुपरवायझरचा पासवर्ड चार अंकी होता आणि तो पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेला होता. तिन्ही पाळ्यांतील ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन, बाहेरून येणारा सर्व्हिस इंजिनिअर, सर्वांना तो पाठ होता. त्या रात्री पॅनेलवर ड्यूटी आपल्या विद्यार्थ्याची होती, म्हणून नोटीस त्याला मिळाली.

पायऱ्या कोणत्या?

पूर्वी कारखान्यातील यंत्रांचा क्रम रिलेंनी भरलेल्या मोठमोठ्या कपाटांत बांधलेला असे. कोणते यंत्र आधी सुरू व्हावे, कोणते कधी थांबावे, हे तारांच्या जोडणीनेच ठरे. त्यात बदल करायचा तर तारा सोडवून पुन्हा जोडाव्या लागत. त्याला दिवस लागत, जाणकार माणूस लागे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मोटार उद्योगासाठी 'मोडिकॉन ०८४' हे नियंत्रक यंत्र आले आणि तारांची जागा प्रोग्रॅमने घेतली. यालाच आपली मुले पीएलसी म्हणतात. तारांच्या काळात बदलाचे कष्ट हेच एक कुलूप होते. आता आकडा बोटाच्या स्पर्शाने बदलतो, त्यामुळे कुलूप वेगळे लावावे लागते.

ते कुलूप म्हणजे पासवर्ड; आणि कुलपे एकाहून अधिक असतात. पॅनेलसमोर येणाऱ्या कोणालाही आकडे पाहता यावेत, पण कशालाही हात लावता येऊ नये, ही पहिली पायरी. त्यावर ऑपरेटर : तो यंत्र सुरू करतो, थांबवतो, अलार्म वाजला की पाहिल्याची पोच देतो. त्यावर पाळीचा प्रमुख : ठरवून दिलेल्या कमाल-किमान मर्यादेच्या आत तो आकडे बदलू शकतो. देखभाल करणाऱ्या फिटरला एकेक मोटर किंवा झडप सुटी चालवून पाहता येते, तापमापक प्रमाणित करता येतो. त्याहून वर अभियंता. सुरक्षेच्या मर्यादा आणि मूळ प्रोग्रॅम त्याच्या हाती. सर्वांत वर प्रशासक, जो कोणाला कोणती पायरी द्यायची ते ठरवतो. कारखान्यागणिक ही नावे बदलतात, कुठे तीन पायऱ्या असतात, कुठे सहा-सात. दुधाच्या उदाहरणात ७२ चा आकडा पाळीप्रमुखाच्या पायरीवर असायलाच नको होता. तो अभियंत्याच्या पायरीवर, खरे तर सीलबंद असायला हवा होता. कामाच्या सोयीसाठी बदलायचे आकडे आणि माणसाच्या जिवासाठी न बदलायचे आकडे यांना एकच कुलूप लावणे, ही त्या पॅनेलची पहिली चूक. ती आपल्या विद्यार्थ्याची नव्हती.

एक गोष्ट मात्र पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. यंत्रावरचे लाल, छत्रीच्या आकाराचे आणीबाणीचे बटण कोणत्याही पायरीत मोडत नाही. ते पासवर्ड मागत नाही. नवा आलेला हेल्परसुद्धा ते दाबून यंत्र थांबवू शकतो आणि त्याने थांबवावे, अशीच त्यामागची रचना असते. यंत्र पुन्हा सुरू करायला अधिकार लागतो. धोका दिसताच थांबवायला लागत नाही.

ही यादी प्रथम ऐकली तेव्हा 'पायरी' हा शब्द आम्हांला बोचला, हे कबूल केले पाहिजे. आपण साऱ्यांनी श्रेणीबद्ध विषमता पुस्तकात वाचण्याआधी गावात पाहिली आहे. १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली, ती आमच्या डोळ्यांपुढे आली. कारखान्यातही कोणी खाली, कोणी वर, आणि खालच्याने वरच्या आकड्याला हात लावायचा नाही! विद्यार्थ्याला आम्ही तसे बोलूनही दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "सर, पायरीचं काही नाही. माझ्या नावाची पायरीच नव्हती तिथं." त्याच्या या वाक्यामुळे आम्हांला इतिहासाकडे पुन्हा वळावे लागले.

यंत्राला हात लावण्याचा अधिकार

यंत्राला कोणी हात लावावा, हा प्रश्न पासवर्डाहून फार जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कताई खात्यात अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने काम करीत. पण विणाई खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, तेथे बहुतेक गिरण्यांत त्यांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई : धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकराने तोंडाला कसा लावावा? एवढ्या कारणाने गिरणीतील चांगल्या मजुरीचे अख्खे खाते एका समाजाला बंद झाले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच मानला.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक जोड द्यावीशी वाटते. तोंडाने सूत ओढण्याची ती रीत विणकरांच्या आरोग्याला घातक आहे, म्हणून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तिच्यावर कायद्याने बंदी घातली होती. हाताने सूत ओवता येईल असे धोटे तेव्हा उपलब्ध होते. म्हणजे अडचण धोट्याची असती तर धोटा बदलता आला असता. आपल्याकडे धोटा तसाच ठेवून माणसे बाहेर ठेवली गेली.

त्या गिरणीतही पायऱ्याच होत्या. फक्त त्या जन्माने ठरत आणि त्यांना जिना नव्हता. कारखान्यांच्या कायद्यांनी दुसरी रीत आणली. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या व्यवस्थेत बॉयलर सांभाळणाऱ्याला परीक्षा देऊन दुसऱ्या वर्गाचे आणि पुढे पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळवावे लागे. परीक्षा कठीण, पण ती कोणाच्या मुलाने द्यावी असे कुठे लिहिलेले नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २२ तर आम्हांला फार बोलके वाटते. चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी किंवा वंगण घालण्यासारखे काम कोणी करावे? खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून; आणि त्या कामगाराचे नाव विहित नोंदवहीत लिहिलेले असावे लागे. कपडे मालकाने पुरवायचे असत. प्रशिक्षण आणि नोंदवहीतले नाव, या दोन अटी त्या कलमाच्या मुळाशी होत्या. आजचा लॉगिन म्हणजे याच नोंदवहीचे पान होय.

('पुरुष' हा शब्द आज खटकतो, खटकलाच पाहिजे. आपल्या शाळेच्या मुलीही आता आयटीआयच्या सर्व शाखांत जातात. पण त्याच कायद्याचे कलम २७ वाचले की कारण थोडे कळते. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामास लावू नये, असे ते सांगत असे. खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ज्यांच्या आज्या-पणज्या राबल्या, त्यांना या कलमामागची दुखणी कायद्याच्या पुस्तकातून शिकावी लागत नाहीत.)

पासवर्ड फुटतो कसा

संगणकावरचा पासवर्ड १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत वापरात आला. एकच मोठा संगणक अनेक संशोधकांनी वाटून वापरायचा होता. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि प्रत्येकाला आठवड्याचे ठरावीक तास, म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. १९६२ मध्ये तेथीलच ॲलन शेर या संशोधकाला दिलेले तास पुरेनात. त्याने संगणकाला साऱ्या पासवर्डांची यादी छापून देण्याचा हुकूम सोडला, आणि संगणकाने ती निमूटपणे छापून दिली. वर्षभरातच पहिले कुलूप उघडले, तेही आतल्या माणसाकडून आणि कामाच्या निकडीतून. आपल्या दूध प्रकल्पाची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

कारखान्यांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या यंत्रणांत पुढे जे घडले ते मात्र गमतीचे राहिले नाही. २००० साली ऑस्ट्रेलियातील मरूची या भागात सांडपाण्याचे पंप आपोआप बंद पडू लागले, अलार्म वाजेनासे झाले, आणि सुमारे आठ लाख लिटर मैला नाल्यांत, उद्यानांत आणि एका हॉटेलच्या आवारात पसरला. तपासात निघाले की ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा पूर्वीचा कर्मचारी हे करीत होता. त्याने नोकरी सोडली होती, नव्या नोकरीचा अर्ज फेटाळला गेला होता. पण यंत्रणेला हुकूम देण्याचे साधन आणि ज्ञान त्याच्याकडेच राहिले होते. माणूस गेला की त्याची पायरीही त्याच दिवशी काढून घ्यावी लागते. आपल्याकडे कंत्राटदार बदलला की पन्नास माणसे एका दिवसात बदलतात. पासवर्ड किती ठिकाणी बदलतो, हे माजी विद्यार्थ्यांनीच आम्हांला सांगावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अलिक्विपा या छोट्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या एका केंद्रावर परदेशी हल्लेखोरांनी ताबा मिळवला. ज्या बनावटीच्या नियंत्रकांवर हे हल्ले झाले, त्यांचा कारखान्यातून येतानाचा पासवर्ड होता ११११. यंत्र खोक्यातून काढून बसवल्यावर तो बदलायचा असतो. अनेक ठिकाणी तो बदललाच जात नाही. अलिक्विपाच्या कर्मचाऱ्यांनी अलार्म वाजताच यंत्रणा हाताने चालवायला घेतली, म्हणून लोकांच्या नळाला पाणी येत राहिले. आणि पासवर्ड नसलेले कुलूपही निष्काळजीपणाने उघडे राहते. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा-नियंत्रकावरची खरीखुरी, हाताने फिरवायची किल्ली 'चालू' या खुणेवर असायची ती 'प्रोग्रॅम' या खुणेवर राहिली होती. त्यामुळे दूरवरच्या हल्लेखोरांना, स्फोट टाळण्यासाठी बसवलेल्या त्या यंत्रातच आपला प्रोग्रॅम घुसवता आला. त्यांच्या प्रोग्रॅममधील दोषामुळे कारखाना आपोआप बंद पडला आणि प्रकरण उघडकीस आले.

आपल्या राज्यातील एक दिवस वाचकांना आठवत असेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागेवर थांबल्या, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांवर काम करावे लागले. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकी संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारताच्या वीज यंत्रणेत चीनशी संबंधित गटाने घुसखोरी केल्याचे त्यात म्हटले होते. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता सांगितली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती नाकारली आणि वीज जाण्यामागे मानवी चूक होती असे सांगितले. या वादात निवाडा देणे आमचे काम नव्हे. मात्र घातपात आणि मानवी चूक या दोन शब्दांच्या मध्ये एक माणूस उभा असतो : त्या क्षणी पडद्यासमोर बसलेला. त्याने काय केले आणि काय केले नाही, हे सांगणारी नावनिशीवार नोंद असेल तर तो सुटतो किंवा अडकतो. नोंद नसेल तर त्याच्या मागे उभे राहणाऱ्यांच्या वजनावर ते ठरते. कंत्राटी ऑपरेटरच्या मागे कितीसे वजन असणार?

काम एकाचे, नोंद दुसऱ्याची

सर्वांनी एकच पासवर्ड वापरण्याची सवय लागते ती केवळ आळसाने नव्हे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. रात्री अडीच वाजता अलार्म वाजतो, पाळीप्रमुख दुसऱ्या इमारतीत असतो, फोन उचलत नाही. थांबले तर माल वाया जातो आणि ओरडा ऑपरेटरलाच बसतो. अशा वेळी आकडा माहीत असलेला माणूस आकडा टाकतो. प्रमुखालाही ते बरे वाटते, कारण त्याची झोपमोड होत नाही. वर्षानुवर्षे सारे सुरळीत चालते. उत्पादन वाढले की शाबासकी 'सुपरवायझर'ला मिळते, कारण नोंद त्याच्या नावाची असते. बिघडले की विचारतात, पॅनेलवर ड्यूटी कोणाची होती?

आमच्या मते या प्रथेचा खरा तोटा येथे आहे, आणि तो सुरक्षेच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेला सापडतो. आपली मुले चार-चार, पाच-पाच वर्षे पाळीप्रमुखाचे काम उसन्या पासवर्डवर करतात. काम त्यांना येते. पण कागदावर ती ऑपरेटरच असतात, किंवा हेल्पर. त्यांनी केलेल्या शेकडो अचूक बदलांपैकी एकही त्यांच्या नावावर नसतो. बढतीच्या वेळी अनुभव विचारला तर दाखवायला काही नाही. उसना पासवर्ड देणारा माणूस उपकार केल्यासारखा देतो आणि घेणाराही तसाच घेतो. आम्हांला वाटते, तो नाकारावा आणि स्वतःच्या नावाचा लॉगिन मागावा. मागण्याची ही भाषा अवघड आहे हे आम्ही जाणतो. कंत्राटी माणसाने ती तोंडी न करता लेखी, दोघा-चौघांनी मिळून करावी.

अशी व्यवस्था अशक्य नाही, याचा पुरावा आपल्यापासून फार दूर नाही. वाळूज परिसरातील औषध कारखाने परदेशी माल पाठवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये 'भाग ११' या नावाने ओळखला जाणारा नियम लागू केला. त्यानुसार संगणकावरील सही एकाच व्यक्तीची असली पाहिजे आणि ती दुसऱ्याला कधीही देता येत नाही. यंत्रणेत प्रवेश अधिकृत व्यक्तींनाच हवा. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद यंत्राने आपोआप ठेवली पाहिजे आणि नव्या नोंदीने जुना आकडा झाकला जाऊ नये. भारतीय औषध कारखान्यांना या प्रशासनाने पाठवलेल्या इशाऱ्याच्या पत्रांत, एकच पासवर्ड अनेकांनी वापरल्याचा दोष पुन्हा पुन्हा दाखवलेला आहे. तेथे आता प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचे नाव असते, काही मिनिटे हात लागला नाही की पडदा आपोआप कुलूपबंद होतो, पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलावा लागतो, आणि वरची पायरी प्रशिक्षणाच्या नोंदीवर सही झाल्यावरच उघडते. हे सारे कामगाराच्या भल्यासाठी झालेले नाही. परदेशातील रुग्णाला औषध खात्रीचे मिळावे म्हणून झालेले आहे. तरी त्यातून ऑपरेटरला जे मिळाले, ते मिळालेच.

आता खुलाशाकडे. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही दोघांनी तो लिहिला. "मी केले नाही" हे वाक्य त्यात एकदाच आले. उरलेल्या दीड पानात आम्ही विचारणा केली : 'सुपरवायझर' या नावाने त्या महिन्यात झालेल्या सर्व बदलांची नोंद मिळावी, हा पासवर्ड कोणाकोणास लेखी देण्यात आला होता ते कळावे, अर्जदारास तो कधी व कोणी अधिकृतपणे दिला ते दाखवावे, सुरक्षेची मर्यादा अभियंत्याच्या पायरीवर न ठेवता पाळीप्रमुखाच्या पायरीवर कोणी ठेवली ते सांगावे, आणि पॅनेलवरचे घड्याळ त्या दिवशी बरोबर होते काय, याची तपासणी व्हावी. शेवटची मागणी विद्यार्थ्यानेच सुचवली. मे महिन्यात वीज गेल्यापासून ते घड्याळ चुकीची वेळ दाखवत आहे, असे त्याला आठवले. कागदपत्राच्या वेळेवर शंका घ्यावी, हे आम्ही वर्गात इतकी वर्षे शिकवीत आलो. ते असे कामी येईल असे वाटले नव्हते.

त्या खुलाशाला लेखी उत्तर कधीच आले नाही. नोटीस मागे घेतली गेली नाही आणि पुढे कारवाईही झाली नाही. आठवडाभरात पॅनेलच्या दारावरचा आकडा पुसला गेला आणि त्याच पासवर्डाच्या जागी नवा आला. तोही एकच, सर्वांसाठी. मार्चमध्ये कंत्राट संपले तेव्हा आपल्या विद्यार्थ्याचे नाव नव्या यादीत नव्हते.

आठ महिन्यांनी तो वाळूजला एका औषध कारखान्यात लागला. पहिले सहा महिने त्याला फक्त पाहण्याची आणि यंत्र सुरू-बंद करण्याची पायरी होती. प्रशिक्षणाच्या पाच पुस्तिका, प्रत्येकीखाली शिकवणाऱ्याची आणि त्याची सही, शेवटी एक तोंडी परीक्षा. मग पुढची पायरी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो शाळेत आला होता. कारखान्यात मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून त्याने वहीच्या पानावर पडद्यावरची ओळ लिहून दाखवली. तारीख, वेळ, जुना आकडा, नवा आकडा, बदलाचे कारण, आणि शेवटच्या रकान्यात त्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याचे वडील गावात सोयाबीन सोंगायला जातात. ते पान त्याने घडी करून परत खिशात ठेवले आणि सहावीच्या वर्गाला पीएलसी म्हणजे काय ते सांगायला गेला.